बरणी रिकामी परत देत नाहीत

फ्रान्सला तीन महिने राहून आले हे कळलं की तिवशात जो भेटतो तो आधी पॅरिसच्या उंच मनोऱ्याबद्दल विचारतो. मी तो पाहिलेला नाही. तसं सांगितलं की समोरच्याचा चेहरा पडतो, आणि आईचा त्याहून जास्त पडतो, कारण तिने अमरावतीच्या बाजारात आधीच सांगून ठेवलंय, "पोरीनं सारं पाह्यलं." पॅरिसमध्ये मी फक्त विमानतळ पाहिला. बाकी सगळा मुक्काम दक्षिणेकडच्या एका लहान गावात झाला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्याच्याबद्दल लिहायचं आहे त्याला तिथे सगळे ओळखतात.

आमचं घर भाजी आणि फुलं पिकवणारं. तिवशाजवळ मळा आहे. बाबा मळा सांभाळतात आणि आई अमरावतीच्या बाजारात बसते. घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिलीच. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात भाजीपाला हा विषय घेऊन एम.एस्सी. केलं. काढलेली भाजी ताजी कशी ठेवावी याचं प्रशिक्षण फ्रान्समध्ये मिळतं आणि त्यासाठी शिष्यवृत्ती असते, हे मला आमच्या सरांनी सांगितलं आणि मागे लागून अर्ज करायला लावला. थोडं फ्रेंच यावं अशी अट होती. अमरावतीत एका निवृत्त बाईंकडे मी संध्याकाळी जायला लागले. त्यांनी मला स्टेशन कुठे आहे, एक कॉफी द्या, माझं डोकं दुखतं आहे, अशी सगळी उपयोगाची वाक्यं शिकवली. या सगळ्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तिथे जे खरं उपयोगी पडलं ते यांपैकी कोणीच शिकवलं नव्हतं.

अकोला, जाण्याआधी

निघण्याच्या महिनाभर आधी अकोल्याचं स्थळ आलं. मंगेश नाव, बियाण्याच्या कंपनीत तपासणीचं काम. घर बघायला म्हणून आम्हीच त्यांच्याकडे गेलो, पोहे झाले, आणि त्यांच्या आई म्हणाल्या, "जा, तुमी दोघं वरतं बोलून घ्या."

आम्ही गच्चीवर गेलो. शेजारच्या घरावर पाण्याची काळी टाकी होती. दोघंही तिच्याकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "टाकी नवीन हाये."

मी म्हटलं, "हो."

मग खालून चहाची हाक आली.

घरी परतताना आईने विचारलं, "कसा वाटला व?" मला काही सांगता येईना. वाईट वाटावं असं काही घडलं नव्हतं आणि बरं वाटावं असंही नाही. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढायचं त्याच्याबद्दल मला फक्त शेजाऱ्याची टाकी माहीत होती. उत्तर मी आल्यावर द्यायचं असं ठरलं. ते लोकही थांबायला तयार झाले. विमानात बसले तेव्हा हा प्रश्न माझ्याबरोबर होता, आणि तो मोठा होता.

पहिला शनिवार

प्रशिक्षण केंद्र गावाबाहेर होतं. मला खोली दिली होती ती मादाम ओदील यांच्या घरी. वय सत्तरीच्या पुढे, एकट्या राहणाऱ्या, कानाला जरा कमी ऐकू येणाऱ्या. त्यामुळे माझं फ्रेंच त्यांना कळत नाही ते कोणाच्या दोषाने, हे आम्हा दोघींना कधीच कळलं नाही.

गाव टेकडीच्या पायथ्याशी. सगळीकडे द्राक्षांचे मळे आणि दगडगोट्यांची फिकट माती. आपली काळी माती बोटाला चिकटते. तिथली बोटावरून घरंगळून जाते. एवढ्या माणसांत पहिल्या आठवड्यात मला सगळ्यांत परकी ती मातीच वाटली.

शनिवारी चौकात बाजार भरतो हे कळल्यावर मात्र जीव भांड्यात पडला. बाजार म्हटला की मी घरची. भाज्या बघत, वांग्यांना हात लावत एका दुकानाशी आले. बकरीच्या दुधाचं चीज विकणारा एक माणूस होता. तिशीतला, कुरळे केस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. एका चीजकडे बोट दाखवून मी आपल्या पद्धतीने सरळ विचारलं, हे कसं दिलं.

तो म्हणाला, "बाँझूर." म्हणजे नमस्कार.

मला वाटलं, त्याला प्रश्न कळला नाही. पुन्हा विचारलं. तो पुन्हा "बाँझूर" म्हणाला आणि हात बांधून उभा राहिला. चेहऱ्यावर राग नव्हता, पण चीजही देत नव्हता. मागच्या बाई हसल्या. मी काही न घेता निघून आले.

घरी मादाम ओदीलना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "तू नमस्कार केलाच नाहीस. आधी माणूस, मग चीज."

आमच्या बाजारात 'कशी देल्ली' हाच नमस्कार असतो. गिऱ्हाईक जवळ येऊन भाव विचारतं, म्हणजे त्याने ओळख दिली. वऱ्हाडात सगळंच सरळ. पुण्याच्या मैत्रिणी म्हणायच्या, तुम्ही लोक बोलता की भांडता. पण मादामचं म्हणणं ऐकून मला आई आठवली. दुकानावर बसायला लागले तेव्हा तीही हेच सांगायची. "पोरी, गिऱ्हाईक आलं की त्याच्या पिशवीकडं नाई पाह्याचं, तोंडाकडं पाह्याचं."

आई शाळेत गेलेली नाही. पण बाजारातल्या व्यापाऱ्यांशी ती हिंदी बोलते, मारवाडी बोलते, आणि तिच्याकडे दोन्ही भाषांचे मिळून ओंजळभर शब्द असतील. ती कधी अडत नाही. एक गुरुजी वांगी दाबून दाबून बघत होते तेव्हा ती म्हणाली होती, "गुरुजी, इतकं काहून दाबून राह्यले? लग्न थोडीच लावाचं हाये त्यायच्यासंग." गुरुजी हसले आणि सगळी वांगी घेऊन गेले. वरून तिने सांभार दिला. कोथिंबिरीला आमच्याकडे सांभार म्हणतात. तो आई कधी तोलत नाही. तोललेल्या भाजीवर चार काड्या तशाच ठेवते.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा त्या दुकानापुढे उभी राहिले, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "बाँझूर. बाँझूर. बाँझूर."

तो बघतच राहिला. आठवडाभर मनात जुळवलेलं वाक्य मी हळूहळू म्हटलं. "एक मागच्या शनिवारचं. एक आजचं. एक पुढच्या शनिवारचं, आगाऊ."

तो इतक्या जोराने हसला की शेजारच्या पाववाल्या बाईंनी मान वर केली. "बाप्तिस्त," असं म्हणून त्याने हात पुढे केला. "पल्लवी," मी म्हणाले. त्याच्या तोंडी ते 'पालावी' झालं आणि शेवटपर्यंत तेच राहिलं.

त्या दिवशी घरी येताना मला एक गोष्ट उमगली. अकोल्याला कॉलेजात पहिल्यांदा इंग्रजीत सेमिनार दिला तेव्हा उच्चारावर मागच्या बाकावरून हसू आलं होतं. तेव्हापासून इंग्रजी बोलताना माझी जीभ कायम परीक्षेला बसल्यासारखी असते. इंग्रजीत चुकले तर वाटतं माझी शाळा चुकली, गाव चुकलं. फ्रेंचमध्ये चुकले तर फक्त वाक्य चुकत होतं. मला ते यावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती. माणूस इतका मोकळा असू शकतो हे मला नवीन होतं.

बरणी

तिसऱ्या शनिवारी बाप्तिस्तने एक काचेची लहान बरणी माझ्या हातात ठेवली. ऑलिव्हच्या तेलात बुडवलेले चीजचे छोटे गोल, वर रानातल्या कुठल्याशा झुडपाची काडी. पैसे घेईना. म्हणाला, "हे त्या आगाऊ बाँझूरचं."

चीज संपलं. बरणी घासून ठेवली. आता ती परत द्यायची होती, आणि आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी टाकून देतात. याला रीत म्हणतात हेसुद्धा मला तेव्हा सुचलं नाही. घराबाहेर पडताना चप्पल घालावी तसं ते होतं. आईने जवसाची चटणी बांधून दिली होती, ती बरणीत भरली आणि शनिवारी नेऊन दिली.

बाप्तिस्तने पावावर चमचाभर चटणी घेतली. मी अडवायच्या आत ती तोंडात गेली होती. डोळ्यांत पाणी आलं, कान लाल झाले. पाववाल्या बाईंनी पाणी दिलं.

"तुमच्या देशात दया नाही," तो म्हणाला.

"आहे," मी म्हणाले. "ही लहान मुलांची आहे."

पुढच्या शनिवारी बरणी परत आली ती काळ्या ऑलिव्हच्या वाटणाने भरून. आता ती माझ्याकडे होती, म्हणजे पुन्हा भरून देणं आलं. मी मादामच्या स्वयंपाकघरात तिळाचे लाडू केले, सुपारीएवढे. त्यानंतर त्याच्याकडून जर्दाळूचा मुरांबा आला, तळाला जरा करपलेला. मी लिंबाचं लोणचं घातलं. चौकात मी शिरले की पाववाल्या बाई ओरडायच्या, "बरणी आली." सगळा बाजार वळून बघायचा. मला वाटायचं, किती अगत्याचे लोक आहेत.

मधल्या काळात माझं फ्रेंच फार सुधारलं असं नाही. पण मादाम ओदीलनी मला वेगळंच काही शिकवलं. संध्याकाळी सूप पिता पिता त्या बाजाराची हकीकत विचारायच्या. एकदा मी सांगितलं की बाप्तिस्त म्हणाला, आज तू सुंदर दिसतेस.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, ड्रेस जुना आहे."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "त्याने ड्रेसचं विचारलं होतं का?"

आमच्याकडे कोणी कौतुक केलं की ते झटकायचं असतं, नाहीतर पोरगी आगाऊ ठरते. हे मी त्यांना समजावायचा प्रयत्न केला. त्या म्हणाल्या, "इथे नुसतं मेर्सी, धन्यवाद, म्हण आणि थांब. मोठी वाक्यं करू नकोस, तुला येत नाहीत. लहान वाक्य बोल, त्याच्या डोळ्यांत बघ, आणि नजर लगेच काढून घेऊ नकोस. पुढचं काम त्याला करू दे."

फ्लर्ट करणं याला मला मराठीत धड शब्द सापडलेला नाही. 'लाइन मारणं' आडदांड वाटतं. 'चावटपणा' म्हटलं की कानफटात बसते. 'लाडीगोडी' म्हटलं की पुढे काहीतरी मागायचं असतं. मादाम जे सांगत होत्या त्यात मागणं नव्हतं. ते आईच्या सांभारासारखं होतं. तोललेलं नाही, हिशेबात नाही, पण त्याच्याशिवाय भाजी कोरडी दिसते.

पुढच्या खेपेला तो पुन्हा म्हणाला, आज तू सुंदर दिसतेस. मी म्हटलं, "मेर्सी." थांबले. मग म्हटलं, "आणखी एकदा सांग. मला फ्रेंच हळू कळतं."

त्याने आणखी एकदा सांगितलं, हळू. खरं म्हणजे मला पहिल्यांदाच कळलं होतं.

तोवर आम्ही 'तू'वर आलो होतो. त्यांच्याकडेही आपल्यासारखं तू आणि तुम्ही असतं. पण तुम्हीवरून तूवर यायचं तर ते रीतसर विचारतात. "मी तुला तू म्हणू का?" बाप्तिस्तने गिऱ्हाइकांसमोर विचारलं होतं. आपल्याकडे हे विचारत नाहीत. ते एक दिवस निसटून जातं, नाहीतर भांडणात येतं. विचारलं की त्याला किती वजन येतं हे मला तेव्हा कळलं.

एका शनिवारी वारा सुटला. त्या भागात उत्तरेकडून असा वारा येतो की दुकानांच्या छत्र्या उडतात. बाप्तिस्तचं कापड सुटलं. मी धावत जाऊन खांब धरला आणि दोरीला आई ताडपत्रीला मारते तशी गाठ मारली. ती सुटेना. बाजार उठला तरी सुटेना. शेवटी त्याने दोरी कापली. कापलेला तुकडा गाठीसकट त्याने दुकानाच्या खांबाला तसाच ठेवला. मी विचारलं, का. तो म्हणाला, "हिला फ्रेंच येत नाही, पण धरून ठेवता येतं."

त्या रात्री माझ्या मनात पुन्हा अकोला आला.

शेवटचा शनिवार

सोमवारी निघायचं होतं. बरणी माझ्याकडेच होती. आईची उरलेली सगळी जवसाची चटणी मी तिच्यात भरली आणि चौकात गेले. दुकानाशी पोचल्यावर लक्षात आलं की ही बरणी आता परत येऊ शकत नाही. तो ती भरेल, पण पुढचा शनिवार नाही.

मी ते त्याला सांगायला गेले. आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत, म्हणून मी दर वेळी भरत होते, आता काय करायचं ते कळत नाही, असं तुटक तुटक काहीतरी.

बाप्तिस्तने चष्मा डोळ्यांवर चढवून माझ्याकडे बघितलं. "म्हणून भरत होतीस?"

"हो."

"आणि मी भरत होतो, कारण तू भरत होतीस." तो हसायला लागला. डोळे पुसत पाववाल्या बाईंना त्याने ते सांगितलं. त्याही हसल्या. "पालावी, मला स्वयंपाक येत नाही. तो मुरांबा मी तीनदा जाळला. माझी आई दर शुक्रवारी विचारते, या आठवड्यात त्या मुलीला काय देणार."

मग तो हसायचा थांबला. "म्हणजे ही सगळी नुसती रीत होती?"

मला तिथे सहज सुटता आलं असतं. हो म्हणायला एकच शब्द लागतो. पण माझ्याकडे त्या भाषेत इतके कमी शब्द होते की खोटं बोलायला ते पुरत नव्हते. मी त्याच्या डोळ्यांत बघितलं. "पहिली बरणी, रीत. दुसरी, रीत. तिसरी, नाही."

आजूबाजूला बाजार चालू होता. कोणीतरी बाँझूर म्हणालं, बाप्तिस्तने उत्तर दिलं नाही. त्याच्याकडून असं पहिल्यांदाच झालं असेल.

"आणि आता?" त्याने विचारलं.

"आता अकोला आहे."

"अकोला कोण?"

"अकोला शहर आहे. तिथे एक माणूस आहे. मी त्याला उत्तर द्यायचं आहे. मी त्याच्याशी बोललेले नाही."

"भाषा वेगळी आहे?"

"नाही. तीच भाषा."

बाप्तिस्तने चष्मा पुन्हा गळ्यात सोडला. "तुला न येणाऱ्या भाषेत तू माझ्याशी तीन महिने बोललीस," तो म्हणाला. "आणि त्याच्याशी तुझ्या स्वतःच्या भाषेत एक शब्द नाही? बिचारा माणूस."

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच त्या न पाहिलेल्या माणसाची कीव आली होती. मला वाटतं तेव्हाच मी त्याची सगळ्यांत जास्त ऋणी झाले.

त्याने चटणी स्वतःच्या वाटीत काढली, चौकातल्या नळावर बरणी धुतली, पुसली, तिच्यात चीज भरून तेल ओतलं आणि झाकण घट्ट लावलं. तिथे दोन्ही गालांना गाल लावून निरोप घेतात, तसा घेतला. "ही तुझी," तो म्हणाला. "पण रिकामी ठेवू नकोस. तुमच्यात ते चालत नाही."

तिवसा

बरणी दोन कुर्त्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत आणली. घरी सगळ्यांना हौसेने चीज वाढलं. बाबांनी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला. आई म्हणाली, "हे आंबलं हाये व. विमानात नासलं वाट्टे."

"नाही, ते असंच असतं."

"असंच असते? बाप्पा. अन् ते लोक खातेत?"

गल्लीतल्या बायका मात्र चव घ्यायला रांगेने आल्या. एकीने ते पोळीवर ठेचा लावून खाल्लं आणि चांगलं लागते म्हणाली. मीही खाऊन पाहिलं. खरंच चांगलं लागतं.

रात्री आई अंथरूण घालता घालता म्हणाली, "ते अकोल्याचे उत्तर मांगून राह्यले. काय सांगू?"

"मले आधी बोलाचं हाये त्यायच्यासंग."

"मागं बोलले ना तुमी, वरतं जाऊन."

"नाही आई. मागं आम्ही टाकी पाह्यली."

आईने चादर सरळ केली. मग म्हणाली, "जाय. बाबाले सोबत घेजो."

पुन्हा अकोला

फ्रान्सच्या प्रवासाचं वर्णन लिहिताना तिवसा ते अकोला हा बसचा टप्पा कोणी लिहीत नाही. पण मला विचाराल तर सगळ्यांत लांबचा तोच होता. मांडीवर पिशवी, पिशवीत बरणी, बरणीत आईची नवी चटणी. फ्रान्सला जाताना मला एवढी भीती वाटली नव्हती.

बाबा खाली त्यांच्या वडिलांशी कपाशीचं बोलत बसले. आम्ही गच्चीवर गेलो. टाकी तिथेच होती. मंगेश तिच्याकडे बघायला लागणार, एवढ्यात मी म्हणाले, "टाकी अजून नवीनच दिसते."

ते दचकले. माझ्याकडे बघितलं. मी नजर काढून घेतली नाही.

"मागच्या वेळी," ते म्हणाले, "मले दुसरं काई सुचलंच नाई. घरी सारे हासले माह्यावर."

"मला तेही सुचलं नव्हतं."

मी बरणी काढून कठड्यावर ठेवली. "ही एका फ्रेंच माणसाची आहे. दर शनिवारी तो ती भरून द्यायचा आणि मी भरून परत करायची. आम्ही थट्टा करायचो. मला ते आवडायचं. तोही आवडायचा. पुढे काही नाही, पण हे तुम्हाला माहीत असावं असं वाटलं."

आता त्यांनी नाही म्हटलं असतं तर ते मला समजलं असतं. खाली बाबांचा आवाज येत होता. मंगेशनी बरणी उचलली, उन्हात धरून बघितली, झाकण उघडून वास घेतला, पुन्हा लावलं.

"तो काय भरे हिच्यात?"

"बकरीच्या दुधाचं चीज."

"म्हंजे," ते म्हणाले, "मले आता बकरी पाळा लागन."

मी हसले. ते हसले नाहीत, पण त्यांचे कान लाल झाले. जवसाची चटणी न खाताच.

"ही ठेवा तुमच्याकडे," मी म्हणाले. "पण आमच्यात बरणी रिकामी परत देत नाहीत."

"आमच्यात बी नाई."

"मग बघा."

घरी आल्यावर आईने विचारलं, काय ठरलं. मी म्हटलं, बरणी आली की सांगते. तिला काहीच कळलं नाही. पण तिने पुन्हा विचारलं नाही, याबद्दलही मी तिची आभारी आहे.

अमरावतीचा बाजार

त्यानंतर काही दिवसांनी मी आईबरोबर दुकानावर बसले होते. बाजार ऐन भरात होता. मेथीच्या जुड्या सोडत असताना समोर कोणीतरी येऊन उभं राहिलं आणि भाव विचारला नाही, म्हणून मी मान वर केली.

मंगेश होते. अकोल्याहून बसने आलेले, शर्ट घामाने भिजलेला. दोन्ही हातांत बरणी धरलेली, देवाला नारळ न्यावा तशी.

"बकरी नाई भेटली," ते म्हणाले. "दूध भेटलं, मामाच्या गावावरून आणलं. लिंबू पिळून फाडलं, कपड्यात बांधून टांगलं. मोबाईलवर पाहून केलं सारं." ते थांबले. "चीज नाई झालं. पनीर बी नाई झालं. पण रिकामी आणता येत नोती."

मी झाकण उघडलं. आत पांढरं, पिठूळ, पाण्यात बसलेलं काहीतरी होतं. आई तराजू हातात धरून बघत होती. शेजारची भाजीवाली बघत होती. मी बोटाने थोडं घेऊन तोंडात टाकलं.

"कसं हाये?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "वाईट," मी म्हणाले, आणि नजर काढून न घेता थांबले. पुढचं काम त्यांचं होतं.

"मंग पुढच्या शनिवारी पुन्हा करतो," मंगेश म्हणाले. "तू बरणी भरून ठेव."

ते तू म्हणाले हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आईच्या आलं. तिने तराजू खाली ठेवला, टोपलीतून सांभाराची आख्खी जुडी उचलली आणि न तोलता त्यांच्या हातात दिली.